परवलीच्या शब्दाची कसोटी

जालावरील एखाद्या सुरक्षित स्थळाशी आपण संबंध जोडतो, तेव्हा आरंभी बहुधा एकाच बाजूची ओळख पटवली जाते. सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो. ते खरे ठरले की दोघांमधील संभाषण सांकेतिक रूपात सुरू होते आणि मग त्या झाकलेल्या वाटेने वापरणारा आपला परवलीचा शब्द पाठवतो. वाटेत तो कोणाला वाचता येत नाही हे खरे. परंतु पलीकडच्या हाती तो जसाच्या तसा पडतो. प्रमाणपत्राच्या पडताळणीत ढिलाई राहिली, तर तोतया सर्व्हरलाही तो तितक्याच सहजपणे मिळतो.

शब्द उच्चारल्यावाचून तो आपणांस ठाऊक आहे, असे सिद्ध करता येईल काय? स्टॅनफर्ड विद्यापीठातील टॉमस वू यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली एसआरपी ही पद्धत या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर आहे. तीत सर्व्हरपाशी शब्द नसतोच. शब्द, वापरणाऱ्याचे नाव आणि ‘मीठ’ म्हणून ओळखली जाणारी एक यदृच्छया निवडलेली संख्या यांपासून एक घातांक काढतात. ठरावीक पायाचा तेवढा घात करून त्यास एका प्रचंड मूळ संख्येने भागले असता जी बाकी उरते, ती मिठासह सर्व्हर जपून ठेवतो. घात करणे सोपे. बाकीवरून घातांक शोधणे मात्र व्यवहारात अशक्यप्राय. जोडणीच्या वेळी दोन्ही बाजू एकेक नवी गुप्त संख्या निवडतात, तिच्या आधारे काढलेली दुसरी संख्या परस्परांना कळवतात आणि आपापल्या ठिकाणी गणित करून एकाच किल्लीपाशी येऊन पोहोचतात. शब्द चुकला असेल तर किल्ल्या जुळत नाहीत, इतकेच. सर्व्हरवरील ती बाकीच चोरीस गेली, तर मात्र सोपे शब्द एकामागून एक लावून पाहता येतात. ही मर्यादा ध्यानात ठेवलीच पाहिजे.

२००७ साली आरएफसी ५०५४ या दस्तऐवजाने ही पद्धत टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या नियमांत कशी बसवावी ते सांगितले. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘कर्ल’च्या ७.२१.४ या आवृत्तीत ती आली. कर्ल म्हणजे टंकलिखित आज्ञा देऊन जालावरून मजकूर आणण्याचे वा पाठवण्याचे साधन. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली ते या नावाने प्रसिद्ध केले.

अशा सोयीची परीक्षा कशी घ्यावी? खरे नाव व खरा शब्द देऊन पान आले, म्हणजे काम झाले असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्याने फारच थोडे सिद्ध होते. ज्या दारास कुलूपच नाही तेही योग्य किल्ली घेऊन येणाऱ्यास उघडेच सापडते! म्हणून कर्लच्या चाचण्यांत ‘ग्नूटीएलएस’ या संचातील एक छोटा सर्व्हर त्याच यंत्रावर चालवला गेला. तो उत्तरादाखल जे पान देतो, त्यात जोडणीचा तपशील असतो. कोणत्या नावाने एसआरपीची ओळख पटली तेही लिहिलेले असते. पान आले एवढ्यावर न थांबता ते नाव तपासायचे, हा त्यातील मर्माचा भाग.

याहूनही मोलाच्या चाचण्या म्हणजे जोडणी फसलीच पाहिजे अशा. चुकीचा शब्द दिला. एसआरपी न जाणणाऱ्या सर्व्हरशी गाठ घातली. एसआरपी जुळली, पण सोबत आलेले प्रमाणपत्र अविश्वसनीय निघाले. येथे केवळ ‘अपयश’ पुरेसे नाही, अपयशाचे कारणही अपेक्षित तेच हवे. सर्व्हर सुरूच झाला नसेल, तरी जोडणी फसतेच आणि बेसावध परीक्षक तिला यश समजतो. म्हणून कर्ल जो परतीचा अंक देते तो पाहावा लागतो: ३५ म्हणजे सुरक्षित जोडणी जुळताना बिघाड, ६० म्हणजे प्रमाणपत्र अमान्य. टीएलएसच्या २०१८ मधील १.३ या आवृत्तीत तर एसआरपीला जागाच उरली नाही. तेव्हा जोडणी जुन्या १.२ आवृत्तीनेच होते आहे, याचीही खात्री करून घ्यावी लागते.

एक प्रश्न मात्र एकेकट्या जोडणीच्या चाचणीत उमटतच नाही. वेळ वाचावा म्हणून कर्लचे ग्रंथालय, अर्थात त्यामागील संकेतसंच, एकदा जुळलेली जोडणी राखून ठेवते आणि तशीच मागणी पुन्हा आली की तीच वापरते. ‘तशीच’ ठरवण्यासाठी जे तपशील ताडून पाहिले जात, त्यांत कित्येक सुरक्षाविषयक बाबी गाळल्या गेल्या होत्या. एसआरपीचे नाव व शब्द हेही त्यांत होते. म्हणजे एकाच कार्यक्रमात पहिली मागणी एकाच्या नावाने आणि दुसरी भलत्याच नावाने केली, तरी दुसरी पहिल्याच्या उघड्या जोडणीवरून जाऊ शकत होती; शब्द तपासण्याची वेळच येत नव्हती. मे २०२२ मध्ये ७.८३.१ या आवृत्तीत ही उणीव दूर झाली. ती पकडण्यासाठी आधी योग्य शब्द व लगेच, त्याच कार्यक्रमात, चुकीचा शब्द देऊन दुसरी मागणी नाकारली जाते का, ते पाहावे लागते.