निद्रा-जागृतीच्या वेळांतील व्यक्तिभिन्नता आणि महाविद्यालयीन वेळापत्रक

प्रस्तावना :
पहाटे उठणे हा सद्गुण आणि उशिरा उठणे हा आळस, अशी आपल्या समाजाची दृढ धारणा आहे. अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायाचा आरंभच ब्राह्म मुहूर्तावर उठण्याच्या उपदेशाने होतो. मात्र हा उपदेश ‘स्वस्थ’ व्यक्तीस उद्देशून आहे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. सकाळच्या पहिल्या तासिकेला पेंगणाऱ्या विद्यार्थ्याचे मूल्यमापन करताना या धारणेची शास्त्रीय तपासणी आवश्यक ठरते.

जैविक घड्याळाचे स्वरूप :
संवेदनशील वनस्पती सतत अंधारात ठेवली तरी तिच्या पानांची दैनंदिन हालचाल चालू राहते, असे द मैरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये नोंदविले. फळमाशीतील दैनिक लयीची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवामध्ये मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील सुमारे २०,००० चेतापेशींचा समूह हे कार्य करतो. या घड्याळाचे आवर्तन सरासरी २४ तासांहून किंचित अधिक असल्याने ते रोज जुळवून घ्यावे लागते. सकाळचा प्रकाश ते पुढे आणतो, तर रात्रीचा प्रकाश मागे ढकलतो.

व्यक्तिभिन्नता व वय :
हॉर्न व ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये १९ प्रश्नांची प्रश्नावली तयार करून व्यक्तींचे प्रातःप्रवण, सायंप्रवण व मध्यम असे वर्गीकरण केले. या भेदांमागे आनुवंशिकतेचा वाटा आहे, तसाच वयाचाही आहे. पौगंडावस्थेत झोपेची वेळ पुढे सरकते, साधारण विसाव्या वर्षी ती सर्वाधिक उशिराची असते आणि नंतर पुन्हा अलीकडे येऊ लागते. म्हणजेच वर्गात पन्नाशीचा प्राध्यापक व एकोणीस वर्षांचा विद्यार्थी एकत्र येतात, तेव्हा भिंतीवरचे घड्याळ एक असले तरी शरीरातील घड्याळे भिन्न असतात.

समजा, एखादा विद्यार्थी एरवी रात्री १२ ते पहाटे ५.३० आणि रविवारी रात्री २ ते सकाळी १० झोपतो. त्याच्या निद्रेचा मध्यबिंदू सव्वातीन तासांनी सरकतो. या तफावतीस संशोधकांनी २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले.

शैक्षणिक फलित :
कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्यान्वये २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळा सकाळी ८.३० पूर्वी भरत नाहीत. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरविण्याचा निर्णय घेतला. महाविद्यालयीन वय मात्र या विचारातून सुटले आहे. अर्थात, दुपारी नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे सत्र हाच आधार असतो. वर्गखोल्यांची मर्यादाही असते. म्हणून सरसकट बदल शक्य नसल्यास चाचण्या पहिल्या तासिकेला न घेणे आणि एकच अवघड विषय वर्षभर त्याच तासिकेला न ठेवणे, एवढे तरी करता येईल.

समारोप :
प्रत्येक जागरणास जीवशास्त्र जबाबदार नसते. रात्री उशिरापर्यंतचा मोबाईलचा वापरही कारणीभूत असतो आणि ती सवय बदलता येते. परंतु वयाची लय शिक्षेने बदलत नाही. विद्यार्थ्यास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने हा भेद ध्यानी घेणे न्यायाचे ठरेल.