वर्धा शहराची लोकसंख्या आणि नगरहद्दीचा प्रश्न

जनगणनेच्या कोष्टकात एखाद्या शहराची लोकसंख्या घटलेली दिसली, म्हणजे ते शहर उतरणीस लागले, असा निष्कर्ष सहजच काढला जातो. वर्धा शहराच्या बाबतीत तो कितपत ग्राह्य मानावा, याचा विचार येथे करावयाचा आहे. वर्धा नगरपरिषदेच्या हद्दीत २००१ साली १,११,०७० लोक राहत होते. २०११ साली ही संख्या १,०६,४४४ झाली. ही घट सुमारे चार टक्क्यांची आहे. याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या मात्र १२,३६,७३६ वरून १३,००,७७४ पर्यंत, म्हणजे सुमारे पाच टक्क्यांनी, वाढली.

वर्धा हे मूळचे बाजारपेठेचे गाव नव्हे. १८६२ साली नागपूरपासून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे शहर आखण्यात आले आणि पुढच्याच वर्षी रेल्वेमार्ग नागपूरपर्यंत पोचला. तरीही १९०१ साली वर्ध्याची वस्ती ९,८७२ आणि कापसाच्या पेठेसाठी विख्यात असलेल्या हिंगणघाटची १२,६६२ होती. वर्धा पुढे गेले ते कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि रेल्वेचे जंक्शन यांच्या बळावर; कापसाच्या व्यापाराने त्यास जोड दिली.

गेल्या अर्धशतकात या सेवाप्रधान अर्थव्यवस्थेचे केंद्रच हद्दीबाहेर सरकले. सेवाग्राम येथे १९६९ साली आणि सावंगी (मेघे) येथे १९९० साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९९७ साली आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाची स्थापना झाली. अशा संस्थांभोवती नोकरवर्ग, विद्यार्थी आणि दुकानदार यांची वस्ती होणे स्वाभाविकच होते. पिपरी, सावंगी, सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे) व नालवाडी ही लगतची गावे व्यवहारतः वर्ध्याचीच उपनगरे बनली. परंतु तेथील माणूस वर्ध्यात नोकरी वा खरेदी करीत असला, तरी नगरपरिषदेच्या आकड्यात त्याची गणना होत नाही.

या अनुमानास जिल्ह्याचे आकडे पुष्टी देतात. शहरी लोकसंख्येचे प्रमाण २००१ मधील सुमारे २६ टक्क्यांवरून २०११ मध्ये सुमारे ३२ टक्क्यांवर गेले. मुख्य शहर घटत असता शहरीपणा वाढला, ही विसंगती केवळ वरवरची आहे. किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरास किमान ४०० लोक आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या कसोट्यांस उतरणारे गाव ग्रामपंचायतीखाली असले तरी जनगणना त्यास शहर मानते.

हा भेद केवळ कोष्टकापुरता नाही. गटारे, पाणीपुरवठा व कचऱ्याची विल्हेवाट ही शहरी कामे अशा गावी ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नातून करावी लागतात. दुसरीकडे, एक लाखाहून अधिक लोकसंख्येवर नगरपरिषदेचा 'अ' वर्ग अवलंबून असल्याने, २०११ च्या आकड्यापासून वर्ध्यास ती मर्यादा फार दूर राहिलेली नाही. हद्दवाढ केल्यास गावांवर कराचा भार येईल. न केल्यास सेवांचा भार विषम राहील. दोहोंपैकी कोणता मार्ग श्रेयस्कर, हे ठरविण्यापूर्वी शहर आणि लगतची गावे यांची मोजणी एकत्र झाली पाहिजे. वर्धा आटले की पसरले, या प्रश्नाचे उत्तर नगरपरिषदेच्या एकट्या आकड्यात मिळणार नाही.