तापलेल्या कार्डाचा ताळेबंद

बँकेत कर्ज मंजूर करताना तारणाच्या किमतीइतके पैसे आम्ही कधी देत नसू. शंभर रुपयांच्या सोन्यावर सत्तर, फार तर पंचाहत्तर. उरले ते मार्जिन. उद्या भाव पडला तर पहिला धक्का त्या मार्जिनने सोसायचा. संगणकाचे भाग बनवणारेही असेच मार्जिन ठेवतात, हे मला निवृत्तीनंतर कळले.

एकाच तबकडीतून कापलेल्या चिपा सारख्या निघत नाहीत. सख्खी भावंडे तरी कुठे सारखी असतात? एखादी चिप जोरात पळते, एखादी लवकर धापा टाकते. म्हणून कारखाना सर्वांनाच झेपेल असा, थोडा खालचा वेग खोक्यावर छापतो. तो छापील वेग ओलांडून चिप पळवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. मदरबोर्डवरचा ६६चा आकडा १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा तो गडी बहुधा ४५०वर पळे. तेव्हापासून जगभरच्या पोरांना ही चटक लागली.

आता ही खटपट ग्राफिक्स कार्डावर चालते. पडद्यावरचे चित्र रचणारे हे कार्ड म्हणजे संगणकातला दुसरा संगणकच. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचे पंखे. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारख्या प्रोग्रॅममध्ये चिपेचा वेग, मेमरीचा वेग, विजेची मर्यादा यांच्या पट्ट्या असतात. माउसने सरकवायच्या, की झाले. रेडिओचा आवाज वाढवण्याइतके सोपे, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

आमच्या धाराशिवात, गल्लीच्या टोकाला, एक तरुण लग्नांच्या चित्रफिती संकलित करून देतो. कार्ड हप्त्यावर घेतलेले. एप्रिल-मेची लग्नसराई म्हणजे त्याची सुगी. काम लवकर उरकावे म्हणून त्याने पट्ट्या वर सरकवल्या. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि सहा तासांचे काम अर्ध्यात मोडले. मग हे रोजचेच झाले. कोणीतरी सांगितले, कार्ड गेले, नवीन घे. नवे कार्ड म्हणजे अख्ख्या हंगामाची कमाई! पोराचा चेहरा उतरला होता.

पडदा काळा होऊन परत येतो, यामागे एक रीतसर कारण आहे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी सोय आहे की, कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करायचा. याची नोंद ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाच्या दप्तरात ४१०१ क्रमांकाने पडते. संगणकच धाडकन बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर तिथे ४१ हा आकडा दिसतो. तो एवढेच सांगतो की बंद होण्याची रीत पाळली गेली नाही. अशा वेळी आधी वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे, संशयाने पाहावे. चित्रात ठिपके चमकू लागले तर बहुधा मेमरी जास्त ताणली गेलेली असते. काही नव्या कार्डांची मेमरी मात्र लबाड असते. ती चूक पकडून तोच मजकूर पुन्हा पाठवते, त्यामुळे ठिपके दिसत नाहीत. आकडा चढतो आणि काम उलट मंदावते.

कीर्द जुळेना की आम्ही जुन्या मंडळींनी सांगितलेला एकच मार्ग धरायचो. शेवटच्या जुळलेल्या दिवसापर्यंत मागे जायचे, आणि तिथून एकेक नोंद तपासत पुढे यायचे. इथेही तेच. सगळ्या पट्ट्या मूळ जागी आणायच्या. तसा दोन-तीन दिवस संगणक नीट चालला तर कार्ड मेलेले नाही. मग एका वेळी एकच पट्टी, तीही जराशी हलवायची, आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा. दोन पट्ट्या एकदम सरकवणाऱ्याला दोष कुणाचा हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. वेग बदलणारे दोन प्रोग्रॅमही एकाच वेळी चालू ठेवू नयेत. एक जे लिहितो ते दुसरा खोडतो. संगणक सुरू होताच बदल लागू करण्याची खूण तर कसोटी पुरी होईपर्यंत करूच नये, नाहीतर दर सकाळी तेच रडगाणे. तसे झालेच तर सेफ मोडमध्ये शिरून तो प्रोग्रॅम काढून टाकता येतो. ‘फरमार्क’ची कसोटी कार्डाला तापवून पाहते, पण ती पार पडली म्हणजे सहा तासांचे खरे काम पार पडेलच असे नाही.

आमच्या तरुणाने पट्ट्या मूळ जागी आणल्या. पडदा काळा व्हायचा थांबला. कार्ड जिवंत होते! पण आलेख पाहताना दुसरीच गोष्ट ध्यानात आली. सकाळी वेग चांगला असे आणि दुपारी उतरे. या कार्डांवर पुस्तकी माहिती लिहिणाऱ्यांच्या खोल्या बावीस अंशांच्या असतात. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत चाळीस. कार्ड खोलीच्या हवेपेक्षा जेवढे वर तापते तेवढे ते इथेही तापणारच, म्हणजे ही अठरा अंशांची भर जवळजवळ सगळीच कार्डाच्या माथी. बऱ्याच कार्डांची मर्यादा ८३ अंशांच्या आसपास. तिथे पोचले की कार्ड आपणहून वेग कमी करते. म्हणजे पट्टी वर सरकवून मिळवायचे ते उन्हाने आधीच गिळलेले.

नळदुर्गाला बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा वाचकांनी पाहिला असेल. त्या भिंतीतून जादा पाणी सोडायला नर आणि मादी अशा दोन वाटा आहेत. बांधणाऱ्याने पुराची सोय आधी केली आणि मग पाणी अडवले. कार्डाच्या बाबतीत ही वाट व्होल्टेजमध्ये आहे. चिपेचा वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणून तोच वेग जरा कमी व्होल्टेजवर चालवला, तर ताप झपाट्याने उतरतो. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात, आणि आफ्टरबर्नरमधल्याच आलेखावर ते करता येते. त्या मुलाने ते दोन संध्याकाळी बसून, पायरी पायरीने केले. दुपारचा ८४चा आकडा ७५वर आला, आणि छापील वेग दिवसभर टिकला. मराठवाड्यात राहणाऱ्याने ओव्हरक्लॉकिंगआधी हे करून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेग वाढवून हाती लागतात शंभरात पाच-दहा. तेवढ्यासाठी हप्त्याचे कार्ड पणाला लावणे मला पटत नाही.

हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, म्हणून तो कुठून उतरवायचा हेही सांगायला हवे. २०२२च्या अखेरीस संशोधकांना आफ्टरबर्नरच्या नावाने काढलेली पन्नासहून अधिक बनावट संकेतस्थळे सापडली. तिथून घेतलेला प्रोग्रॅम दिसायला अस्सल, पण गुपचूप तुमच्याच विजेवर दुसऱ्यासाठी आभासी चलन खणायचा आणि पासवर्डही चोरायचा. मूळ कंपनीच्याच पानावरून तो घ्यावा.

अस्सल आफ्टरबर्नरमागे मुख्यतः एकच माणूस आहे, अलेक्सेई निकोलायचुक हा रशियन प्रोग्रॅमर. नव्वदच्या दशकातल्या रिवा कार्डांवरून नाव घेतलेला ‘रिवाट्यूनर’ त्याचाच. आफ्टरबर्नर त्याच पायावर उभा आहे. युक्रेनच्या युद्धानंतर देशोदेशीचे व्यवहार अडले, आणि २०२३च्या जानेवारीत त्याने जाहीरपणे लिहिले की जवळजवळ वर्षभर आपल्याला कंपनीकडून मोबदला पोचलेला नाही, उरल्या वेळात जमेल तेवढे काम करतो आहे. कंपनीने मार्ग काढण्याचे आश्वासन दिले आणि त्याच वर्षी नवी आवृत्तीही आली. जगातल्या अगणित कार्डांचा ताप मोजणारा हा माणूस त्या वर्षभरात बिनपगारी होता.