तळणीची कढई: धातूआधी माप पाहा

घरी बटाट्याचे वेफर्स करायचे ठरले की कढईची चर्चा धातूवर येऊन थांबते. बिडाची जड कढई उष्णता धरून ठेवते म्हणून वेफर्स कुरकुरीत होतात, ॲल्युमिनियमच्या कढईत ते मऊ पडतात आणि तेल पितात, असे अगदी खात्रीने सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण फार थोडे. तळताना उष्णतेचा मोठा साठा तेलात असतो, कढईच्या वाट्याला त्यातला लहानसा भाग येतो. म्हणून कढई घेताना आधी माप आणि आकार पाहावा, धातू त्यानंतर.

हिशेब करून पाहू. बटाट्यात पाच भागांपैकी जवळपास चार भाग पाणी असते आणि वेफर कुरकुरीत होतो तो हे पाणी वाफ होऊन निघून गेल्यावर. १०० ग्रॅम काप गरम करून त्यांतले पाणी उडवायला सुमारे २०० किलोज्यूल उष्णता लागते. १ लिटर तेल १ अंशाने निवते तेव्हा जेमतेम २ किलोज्यूल देते. म्हणजे खाली जाळ नसता, तर एवढ्या कापांतले सगळे पाणी उडायच्या आतच १ लिटर तेल १८० अंशांवरून १००च्या आसपास आले असते. आता दीड किलोची लोखंडी कढई घ्या. १ अंशामागे तिचा साठा पाऊण किलोज्यूलही भरत नाही. तेवढ्याच मापाची आणि जाडीची ॲल्युमिनियमची कढई वजनाला अर्धा किलोच्या आसपास भरते, पण ॲल्युमिनियम वजनाच्या मानाने लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवते. त्यामुळे दोन्ही कढयांतला फरक १०० ग्रॅम तेलाएवढाच उरतो. अर्धी वाटी तेल जास्त घातले की तो भरून निघतो. घाणा मोठा टाकला तर मात्र कुठलीच कढई सावरू शकत नाही, कारण घरच्या मोठ्या बर्नरला तेवढी उष्णता परत भरायला दोनेक मिनिटे लागतात. पहिला घाणा चांगला आणि पुढचे मऊ पडत असतील, तर काप कमी टाका आणि दोन घाण्यांमध्ये तेल पुन्हा तापू द्या.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की वेफर्सचा धंदा करणारे लोखंडी कढईच वापरतात, ते काय उगीच? उगीच नाही. जळगावकडे सोललेली कच्ची केळी किसणीवरून थेट तापलेल्या तेलात पाडतात. चकत्या एकमेकींना चिकटायच्या आत सुट्या होतात आणि लांब दांड्याचा झारा त्यांना सतत फिरवत राहतो. तिथे तेल भरपूर असते, भट्टीचा जाळ दांडगा असतो आणि कढई दिवसभर खाली उतरत नाही. ठोके, खरवडणे आणि अखंड जाळ सोसणारी, स्वस्तात मिळणारी कढई म्हणून लोखंड त्यांना परवडते. कुरकुरीतपणा येतो तो तेलाच्या साठ्यातून आणि जाळातून, आणि या दोन्ही गोष्टी कढईबरोबर घरी येत नाहीत.

आकाराने मात्र घरीही खरोखर फरक पडतो. २२ सेंटीमीटर व्यासाच्या सपाट पातेल्यात १ लिटर तेल अडीच सेंटीमीटर चढते. गोल बुडाच्या कढईत तेवढेच तेल, तोंडाशी तेवढेच पसरूनही, मध्यभागी पाच सेंटीमीटर खोल होते. काप बुडतात, उलटतात, तळाला टेकून करपत नाहीत. शिवाय पाण्याची वाफ सुटताना तेल फसफसून वर येते. वर पसरत गेलेल्या कडांमुळे त्या फेसाला जागा मिळते. म्हणून १ लिटर तेलासाठी किमान अडीच लिटरची कढई घ्यावी आणि ती निम्म्याहून जास्त भरू नये. फार मोठीही नको: तेल जितके पसरेल तितका त्याला हवेचा संपर्क जास्त आणि तितके ते लवकर खराब होते.

वेफर्स तेलकट किंवा काळपट झाले तरी दोष कढईलाच दिला जातो. बरेचसे तेल काप बाहेर काढल्यानंतर आत शिरते: आतली वाफ निवते, पोकळी निर्माण होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. त्यामुळे झारा कढईवरच नीट झटकून काप लगेच जाळीवर पसरण्याचा उपयोग महागड्या कढईपेक्षा जास्त. काळपटपणा बहुतेक वेळा बटाट्यातल्या साखरेमुळे येतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात ही साखर वाढते. जास्त लाल तळल्यास ॲक्रिलामाइड हे अपायकारक मानले जाणारे रसायनही वाढते, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कमी साखरेचे कुफरी चिप्सोना वाण काढले ते वेफर्ससाठीच.

मग धातूचा विचार कुठे करायचा? लोखंडी कढईतल्या तळणातून अंगाला लोह मिळते, हा समज सोडून द्यावा. लोह उतरते ते आंबट, पाणीदार पदार्थांत. आमटीत मिळेल, वेफर्समध्ये नाही. उलट लोखंडामुळे तेल लवकर खवट होते, म्हणून तळण झाल्यावर ते कढईतच ठेवू नये. तांबे याबाबतीत लोखंडाहून वाईट आणि पितळेत तांबेच जास्त. पितळेला कल्हई हवीच. पण कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते. तळणीच्या तापमानाला ते टिकते, पण कढई रिकामी तापली की धोका. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो. तळणीत त्याला भीती नाही, पण पैसे वाया जातात, कारण तेलात बुडालेला आणि वाफ सोडणारा काप तसाही फारसा चिकटत नाही. जाड बुडाची साधी ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी कढई पुरेशी आहे. इंडक्शन शेगडी असेल तर मात्र सपाट बुडाची, लोहचुंबक चिकटणारी कढई लागेल. साधे ॲल्युमिनियम आणि पितळ तिथे तापतच नाही.

दुकानात सपाट बुडाची कढई ओट्यावर आणि गोल बुडाची बर्नरच्या जाळीवर ठेवून पाहा. ती डुगडुगत असेल तर धातू कितीही चांगला असला तरी घेऊ नका. दोन्ही कान घट्ट हवेत, झाकण पूर्ण बसणारे हवे. तेल पेटले तर शेगडी बंद करायची आणि तेच झाकण वर सरकवून कढई निवेपर्यंत तशीच राहू द्यायची. पाणी टाकायचे नाही: ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल वर उडवते.