मासे, मेंदू आणि तीन विकरे

काही वर्षांपूर्वी मालवणातील एका शाळेत मी मेंदूवर व्याख्यान दिले. मेंदूच्या पेशींना लागणारी काही मेदाम्ले बांगडा, तारली अशा माशांतून मिळतात, असे त्यात सांगितले होते. व्याख्यानानंतर एक गृहस्थ मागे थांबले. त्यांचा मुलगा बारावीनंतर एकलकोंडा झाला होता, कोणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणत होता. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, असे निदान केले होते. ते म्हणाले, "आमी रोज मासे खातंव, मगे माझ्या झिलाक ह्यां कित्याक झालां?"

उत्तराची सुरुवात माशापासूनच करू. तारलीचे तेल लवकर खवट होते, कारण त्यातील मेदाम्लांशी हवेतल्या ऑक्सिजनचा सहज संयोग होतो. यांपैकीच डीएचए हे मेदाम्ल मेंदूच्या पेशीपटलांत भरपूर असते. त्यात मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजनचा खप सुमारे २० टक्के! या ऑक्सिजनचा थोडा भाग सुपरऑक्साइड या उपद्रवी रूपात बदलतो. मग मेंदू खवट का होत नाही?

कारण पेशींत राखणदार असतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर (एन्झाइम) सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. कॅटॅलेज त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते. ग्लुटाथिऑन पेरॉक्सिडेज पेरॉक्साइडबरोबरच बिघडू लागलेल्या मेदाम्लांचाही बंदोबस्त करते. उपद्रव वाढला किंवा राखणदार कमी पडले, की पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो.

कॅटॅलेजचे काम वर्गात दाखवता येईल. बटाट्याच्या कच्च्या फोडीवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका. फेस येईल. उकडलेल्या फोडीवर तो येत नाही, कारण उष्णतेने विकर निकामी झालेले असते.

ही विकरे छिन्नमनस्कतेत कमी पडतात का? पुण्यातील डॉ. प्रभाकर रांजेकर, अमेरिकेत काम करणारे डॉ. साहेबराव महाडिक आणि सहकाऱ्यांनी हे तपासले. आहार आणि राहणीमान यांचाही विकरांवर परिणाम होतो. म्हणून त्यांनी रुग्णांची तुलना त्याच समाजातील, सारख्या राहणीच्या निरोगी माणसांशी केली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या रक्तात तिन्ही विकरे कमी होती, पेशीपटलांतील डीएचएही कमी होते. मात्र मेदाम्ले बिघडल्याच्या खुणा किंचितच वाढलेल्या होत्या. म्हणजे राखणदार कमी होते, पण मोठी नासधूस दिसली नाही.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : विकरे कमी झाली म्हणून आजार झाला, की आजारामुळे विकरे कमी झाली? अशा एका तुलनेतून हे ठरत नाही. शिवाय मोजमाप रक्तात झाले, मेंदूत नव्हे. म्हणून ही चाचणी निदानासाठी वापरत नाहीत.

मग माशाचे तेल आणि जीवनसत्त्वे दिली तर? २००३ सालीच याच संशोधकांनी ३३ रुग्णांना ओमेगा-३ मेदाम्ले आणि ई व क जीवनसत्त्वे ४ महिने दिली. लक्षणांत सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी बिनऔषधी गोळी घेणारा गट नव्हता. नॉर्वेत असा गट ठेवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली आले. ज्यांच्या रक्तात अशी मेदाम्ले मुळात कमी होती, त्यांना नुसते मेदाम्ल किंवा नुसती जीवनसत्त्वे दिल्यावर भ्रम-भासांची लक्षणे बिघडली. दोन्ही एकत्र दिल्यावर तसे झाले नाही. चांगल्या वाटणाऱ्या गोष्टीचीही परीक्षा घ्यावी लागते, ती यासाठी.

त्या गृहस्थांना मी सांगितले, "तुमच्या जेवणात काही चुकलं नाही, मुलाला वाढवण्यातही नाही. या आजारात आनुवंशिकता आणि मेंदूची जडणघडण यांचा वाटा मोठा असतो. मासे खुशाल खा." त्यांचा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता : गोळ्या बंद करून माशाचे तेल दिले तर चालेल का? नाही. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या, तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत डोके वर काढतो. तेव्हा मूल शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात असू शकते. हुशार मूल अचानक मागे पडले, मित्र तोडू लागले, विनाकारण संशय घेऊ लागले, तर त्याला आळशी ठरवू नका आणि 'बाहेरची बाधा' म्हणून वेळही दवडू नका. पालकांशी बोला, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. विकरांचे कोडे सुटेल तेव्हा सुटेल, पण उपचार लवकर सुरू करणे आजही आपल्या हातात आहे.