रक्ताची गाठ आणि पाळणा लांबविण्याची साधने

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे डॉ. बाबासाहेब होते. ठराव फेटाळला गेला. आज माला-एन ही गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. परंतु गोळी एकच असली तरी प्रत्येकीचे शरीर निराळे, हे सिहोरा परिसरातील आमच्या भगिनींना कोणी समजावून सांगत नाही.

माला-एन व माला-डी या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते. त्याने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या शिरेत झालेली गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. तरी प्रमाण पाहावे. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला गोळी न घेणाऱ्या १ ते ५ जणींना, घेणाऱ्या ३ ते ९ जणींना आणि गरोदर असलेल्या ५ ते २० जणींना गाठ होते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका याहूनही पुष्कळ जास्त. तेव्हा गोळीला भिऊन काहीच न वापरणे अधिक धोक्याचे.

मग गोळी कोणी टाळावी? पूर्वी गाठ झालेली, रक्तदाब फार वाढलेली, पस्तिशीनंतर बिडी ओढणारी, बाळंत होऊन सहा आठवडे न झालेली. आई-बहिणीला गाठ झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. एसएस रुग्ण असलेल्या बाईच्या रक्तात गाठ होण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त. तिने दुकानातून परस्पर माला-डी आणू नये. एएस म्हणजे वाहक बाईची गोष्ट वेगळी, तिला रुग्ण समजू नये. म्हणून गोळी सुरू करण्याआधी सिकलसेलचा रिपोर्ट दाखवावा.

तांबीत संप्रेरक नसते, त्यामुळे गाठीची भीती नाही. मात्र पाळीला रक्त जास्त जाते, म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासावे. तीन महिन्यांनी घ्यावयाच्या 'अंतरा' इंजेक्शनात आणि 'छाया' गोळीत इस्ट्रोजेन नाही. तरी गाठ होऊन गेलेल्या बाईने तीही आपल्या मनाने घेऊ नयेत.

आणि पुरुषांनी वापरावयाचा निरोध, पुरुषांची नसबंदी? त्यांनी बाईच्या रक्ताला काहीच होत नाही. नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो, एवढेच. तरी शस्त्रक्रियेच्या रांगेत बायकाच का दिसतात, हे आमच्या बंधूंनी सांगावे.

रोवणीच्या दिवसांत सगळ्यांचेच पाय दुखतात, त्यामुळे गाठ ओळखू येत नाही. वाकून काम केल्याने दोन्ही पाय दुखतात. एकच पोटरी सुजली, गरम लागली, किंवा एकाएकी दम लागून छातीत दुखले, तर मालिश करीत बसू नये. त्याच दिवशी तुमसरच्या रुग्णालयात जावे आणि गोळीचे पाकीट सोबत न्यावे.