खुर्च्यांमधून पोडियमपर्यंत

व्हाइट हाउसमध्ये पत्रकार ज्या खोलीत बसून प्रश्न विचारतात, तिच्या जमिनीखाली पोहण्याचा तलाव आहे. पोलिओने अधू झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना व्यायाम म्हणून पोहता यावं, यासाठी तो १९३३ मध्ये बांधला. १९७० मध्ये निक्सन यांच्या काळात तो झाकून वर पत्रकारांची व्यवस्था झाली. आता तिथे सात ओळींत ४९ खुर्च्या आहेत, समोर पोडियम आहे आणि खाली, कोरड्या तलावात, केबलांचं जाळं. या खोलीतून आत शिरलं की काही पावलांवर प्रेस सेक्रेटरीचं, म्हणजे अध्यक्षांच्या प्रवक्त्याचं दालन लागतं. तिथून आणखी काही पावलांवर अध्यक्षांचं ओव्हल ऑफिस. प्रवक्ता या दोन्हींच्या मध्ये बसतो. त्याच्या कामाचं स्वरूप जागेच्या नकाशावरूनच बरंचसं कळतं.

या ४९ खुर्च्यांमधला एखादा पत्रकार मधूनच उठून पोडियममागे जाऊन उभा राहतो. हे कसं घडतं आणि त्यानंतर त्याच्या हाती नेमकं काय उरतं, ते पाहू.

पदाला तशी जुनी परंपरा नाही. १९२९ मध्ये हर्बर्ट हूवर यांनी जॉर्ज अ‍ॅकर्सन यांना नेमलं, तेव्हापासून हे काम एका माणसाच्या नावावर आलं. अ‍ॅकर्सन मिनियापोलिसच्या वर्तमानपत्रात होते. रूझवेल्ट यांचे स्टीव्हन अर्ली वृत्तसंस्थेतले, आयझेनहॉवर यांचे जेम्स हॅगर्टी न्यूयॉर्क टाइम्समधले, केनेडी यांचे पिअर सॅलिंजर सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल आणि पुढे कोलिअर्स मासिकातले. यादी वाचून वाटतं, की ही माणसं बातमीच्या टेबलावरून उठून थेट व्हाइट हाउसमध्ये गेली. तसं झालेलं नाही. हॅगर्टी आधी दहा वर्षं न्यूयॉर्कचे गव्हर्नर ड्यूई यांच्याकडे होते. सॅलिंजर कामगार संघटनांमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीत गेले, तिथे रॉबर्ट केनेडी यांच्या हाताखाली काम केलं आणि मग थोरल्या भावाकडे आले. ओबामांचे जे कार्नी टाइम साप्ताहिकाचे वॉशिंग्टन ब्युरो प्रमुख होते. २००८ च्या शेवटी ते उपाध्यक्ष होऊ घातलेल्या बायडन यांचे संपर्क संचालक झाले आणि दोन वर्षं पडद्याआड काढून २०११ मध्ये पोडियमवर आले. धाकट्या बुश यांचे टोनी स्नो फॉक्स न्यूजमधून आले, पण त्याआधी ते थोरल्या बुश यांची भाषणं लिहीत होते. मधल्या या मुक्कामाचं मोल मोठं आहे. सत्तेच्या घरात कोण कोणाशी बोलतं, कोणाचा शब्द चालतो आणि कोणाचा फक्त ऐकून घेतला जातो, हे माणूस तिथे शिकतो. थेट उडी घेतलेल्यांचं काय झालं, ते पुढे येईल.

बोलावणं बहुधा अडचणीच्या वेळी येतं. निक्सन यांचे प्रवक्ते रॉन झिगलर जाहिरात क्षेत्रातले होते. वॉटरगेटबद्दलची आधीची निवेदनं आता लागू नाहीत, असं त्यांनी एप्रिल १९७३ मध्ये एका दमात सांगून टाकलं, तेव्हा त्या पोडियमची पत पार गेली. नंतर आलेल्या फोर्ड यांना ती पत परत हवी होती, म्हणून त्यांनी पत्रकार शोधला. २००६ मध्ये इराक आणि कॅटरिना वादळामुळे बुश यांचं नाव खाली आलं असताना स्नो यांची नेमणूक झाली. २०१० च्या मध्यावधी निवडणुकीत डेमोक्रॅट्सनी प्रतिनिधिगृह गमावलं आणि पुढच्या जानेवारीत कार्नी यांचं नाव जाहीर झालं. पत्रकाराने वर्षानुवर्षं मिळवलेला विश्वास अध्यक्षाला वापरायला मिळतो, हा या व्यवहाराचा गाभा. पत्रकाराला हे कळत नाही असं मुळीच नाही. त्यालाही बंद दाराआड काय चालतं ते एकदा पाहायचं असतं, आणि ते कुतूहल दाबून ठेवणारा पत्रकार माझ्या तरी पाहण्यात नाही.

जुनं लिखाण आडवं येतंच. स्नो यांनी आपल्या स्तंभांमधून बुश यांच्यावर बोचरी टीका केली होती. नेमणूक जाहीर करताना बुश यांनीच तो विषय काढला: याबद्दल विचारलं तर हा म्हणतो, दुसऱ्या उमेदवाराबद्दल काय बोललो होतो ते तुम्ही ऐकायला हवं होतं! हशा पिकला आणि विषय संपला. टीका लपवण्यापेक्षा आपणच सांगून टाकणं किती सोयीचं असतं, हे त्या दिवशी दिसलं.

बाकीची प्रक्रिया कंटाळवाणी, पण महत्त्वाची आहे. या पदाला सिनेटची मंजुरी लागत नाही. अध्यक्षांच्या मर्जीने नेमणूक होते आणि मर्जीनेच संपते. एफबीआय पार्श्वभूमी तपासतं, गुप्त कागद पाहण्याची परवानगी मिळते, मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं. बोलणी सुरू होताच त्या विषयावर लिहिणं थांबवणं ही वृत्तपत्रीय नीती. ज्याच्याकडे नोकरी मागतो आहोत त्याच्याबद्दल रात्री बातमी पाठवणं कोणालाच शोभत नाही. पगार टीव्हीवरच्या नामवंताला बराच कमी पडतो. स्नो यांना वर्षाला १ लाख ६८ हजार डॉलर मिळत. २००७ मध्ये पद सोडताना, येताना काढलेलं कर्ज आता संपलं आणि बिलं भरायची आहेत, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्याच काळात त्यांचा कर्करोगही उलटला होता. २००८ च्या जुलैमध्ये ते गेले.

आता दिवस. सकाळी साडेसातच्या आसपास वरिष्ठांची बैठक होते. तोपर्यंत प्रवक्त्याने वर्तमानपत्रं आणि रात्रीतल्या बातम्या चाळलेल्या असतात. मग प्रेस ऑफिसमधल्या उपप्रवक्त्यांमध्ये विषय वाटले जातात: एकाकडे अर्थकारण, एकाकडे आरोग्य, एकाकडे परराष्ट्र. प्रत्येक जण आपापल्या खात्याला फोन लावतो आणि आज हा प्रश्न येईल, उत्तर काय द्यायचं, असं विचारतो. खात्याकडून मसुदा येतो, त्यावर वकील आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे लोक शब्द खालीवर करतात. जमलेली पानं एका जाड फोल्डरमध्ये जातात. टीव्हीवर प्रवक्ता पोडियमवर जी पानं उलटताना दिसतो, ती हीच. अनेक वर्षं सकाळी कॅमेऱ्याविना एक छोटी अनौपचारिक भेटही होत असे. पत्रकारांचा रोख तिथेच कळायचा आणि दुपारच्या ब्रीफिंगआधी उत्तरं शोधायला दोनतीन तास मिळायचे. क्लिंटन यांचे प्रवक्ते माइक मकरी यांनी १९९५ मध्ये पूर्ण ब्रीफिंग टीव्हीवर थेट दाखवायला परवानगी दिली. पुढे त्यांनाच त्याचा पश्चात्ताप झाला. कॅमेरा चालू असला की प्रश्नकर्ताही पात्र होतो आणि उत्तर देणाराही. माहितीसाठी होणारी देवाणघेवाण बाजूला पडते.

या सगळ्यात पत्रकाराच्या अनुभवाचा खरा उपयोग पोडियमवर होतच नाही. तो सकाळच्या त्या फोनांत होतो. खात्याने पाठवलेलं उत्तर वाचून, हे पहिल्या ओळीतल्या बाईंना पटणार नाही, त्यांचा पुढचा प्रश्न असा असेल, हे त्याला आधीच दिसतं. मग तो आपल्याच सहकाऱ्यांना तो प्रश्न विचारतो आणि टाळाटाळ झाली की पुन्हा विचारतो. म्हणजे बातमीदारी चालूच असते, फक्त तिचा कोणताही मजकूर त्याच्या नावाने छापून येत नाही. आणि बातमीदाराला जी खबर लागते तशीच त्यालाही लागते: दार उघडलं तर.

जेराल्ड टरहॉर्स्ट यांचं उदाहरण इथे नीट पाहण्यासारखं आहे. ते डेट्रॉइट न्यूजचे वॉशिंग्टन ब्युरो प्रमुख होते आणि फोर्ड यांना १९४८ च्या पहिल्या निवडणुकीपासून ओळखत होते. ९ ऑगस्ट १९७४ रोजी फोर्ड यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी टरहॉर्स्ट यांची नेमणूक झाली. पंचवीस वर्षांची ओळख होती. पण व्हाइट हाउसमध्ये निर्णय कुठून कुठे जातात, ते शिकायला त्यांना वेळच मिळाला नाही. वॉटरगेट प्रकरणामुळे राजीनामा दिलेल्या निक्सन यांना माफी देण्याचा विचार चालू आहे का, असं एका पत्रकाराने विचारलं. टरहॉर्स्ट यांनी अध्यक्षांच्या कायदेशीर सल्लागाराकडे चौकशी केली, नकार मिळाला, तो त्यांनी विश्वासाने पुढे दिला. प्रत्यक्षात माफीची तयारी चालू होती. त्यांना ती आदल्या दिवशी कळली. रविवारी, ८ सप्टेंबरला फोर्ड यांनी माफी जाहीर केली आणि टरहॉर्स्ट यांनी राजीनामा दिला. पत्रात त्यांनी फसवणुकीपेक्षा न्यायाचा मुद्दा लिहिला: व्हिएतनामच्या लढाईला विवेकापोटी नकार देणाऱ्या तरुणांना माफी नाही आणि आरोपही दाखल न झालेल्या माजी अध्यक्षाला सरसकट माफी, याचं समर्थन आपल्याला करता येणार नाही. पद जेमतेम महिनाभर टिकलं. त्यांच्या जागी एनबीसीचे रॉन नेसन आले, तेही थेट कॅमेऱ्यासमोरून. नेसन फोर्ड यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकले, पण जुन्या सहकाऱ्यांशी त्यांचे खटके सतत उडत राहिले.

माहिती न देता प्रवक्त्याला पुढे करणं ही चूक दर वेळी अपघाताने होते असं समजू नये. ऑक्टोबर १९६२ मध्ये केनेडी शिकागोचा प्रचारदौरा अर्धवट टाकून परतले. सॅलिंजर यांनी पत्रकारांना सांगितलं की अध्यक्षांना सर्दी झाली आहे. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांबद्दल त्यांना तेव्हा काही सांगितलेलं नव्हतं. १९८३ मध्ये ग्रेनाडावर हल्ला होणार का, असं सीबीएसच्या वार्ताहराने विचारलं. रेगन यांचे प्रवक्ते लॅरी स्पीक्स यांनी सुरक्षा परिषदेकडे चौकशी केली, कल्पनाच हास्यास्पद आहे असं उत्तर आलं, त्यांनी ते तसंच दिलं. दुसऱ्या दिवशी सैन्य उतरलं. स्पीक्स संतापले, पण राहिले. परराष्ट्र विषय सांभाळणारे त्यांचे सहायक मात्र राजीनामा देऊन बाहेर पडले.

याच्या उलट टोकाला जोडी पॉवेल. कार्टर यांचे हे प्रवक्ते पत्रकार नव्हते, अध्यक्षांचे जुने विश्वासू होते. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेची मोहीम आखली जात होती, हे त्यांना पूर्ण माहीत होतं. लॉस एंजेलिस टाइम्सच्या प्रतिनिधीने विचारलं तेव्हा त्यांनी जाणूनबुजून खोटं सांगितलं आणि नंतर पुस्तकात त्याचं समर्थनही केलं, कारण माणसांचे जीव पणाला होते. मकरी यांनी तिसराच मार्ग काढला. १९९८ च्या मोनिका लुइन्स्की प्रकरणात त्यांनी क्लिंटन यांना मुद्दामच काही विचारलं नाही. माहीत असतं तर न्यायालयाचं समन्स आलं असतं, शिवाय पोडियमवर खोटं तरी बोलावं लागलं असतं किंवा सत्य तरी. मला यातला पॉवेल यांचा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो, हे थोडं विचित्र आहे खरं. खोटं ते स्वतः बोलले आणि ते त्यांनी नावानिशी कबूल केलं. टरहॉर्स्ट आणि स्पीक्स यांच्या तोंडून मात्र इतरांनी ते बोलवून घेतलं.

म्हणून अनुभवी माणूस पद स्वीकारताना पगार किंवा हुद्दा यांच्याआधी एकच गोष्ट मागतो: बैठकांमध्ये बसण्याचा हक्क. स्नो यांनी धोरण ठरतं तिथे आपल्याला जागा आणि मत हवं असं आधीच सांगितलं होतं आणि ते त्यांना बऱ्याच अंशी मिळालं. पण आत बसलेला माणूस हळूहळू आतलाच होतो. २००६ च्या मध्यावधी निवडणुकीत स्नो रिपब्लिकन पक्षाच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमांत बोलायला जाऊ लागले. आधीचे प्रवक्ते हे टाळत आले होते आणि त्यावर बरीच टीका झाली.

आपल्याकडे या पदाची नेमकी जोड नाही. राष्ट्रपतींचे माध्यम सचिव असतात. रामनाथ कोविंद यांच्याकडे अशोक मलिक हे पत्रकार होतेच. पण राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख असल्याने त्यांच्या प्रवक्त्याला रोजच्या धोरणावर उत्तरं द्यावी लागत नाहीत. जवळची तुलना पंतप्रधानांच्या माध्यम सल्लागाराशी. मनमोहन सिंग यांच्याकडे संजय बारू, हरीश खरे आणि पंकज पचौरी असे तिघे पत्रकार एकामागून एक आले. फरक हा, की त्यांना रोज ४९ खुर्च्यांसमोर उभं राहावं लागत नव्हतं. त्यामुळे सल्लागाराला आत किती माहिती मिळते याची उघड परीक्षा दिल्लीत होत नाही. ती पुढे पुस्तकातून होते, जशी बारूंच्या २०१४ च्या पुस्तकाने झाली.

परतीची वाट पूर्वी बातमीच्या व्यवसायाकडेच जात असे. हॅगर्टी एबीसीच्या बातमी विभागाचे प्रमुख झाले, सॅलिंजर पुढे त्याच वाहिनीचे पॅरिसमधले वार्ताहर, टरहॉर्स्ट डेट्रॉइट न्यूजचे स्तंभलेखक. मात्र टरहॉर्स्ट १९८१ मध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या वॉशिंग्टन कार्यालयात जनसंपर्क सांभाळायला गेले आणि तो बदल पुढे अनेकांनी गिरवला. कार्नी यांनी २०१४ मध्ये व्हाइट हाउस सोडलं. त्यानंतर काही महिन्यांतच ते अ‍ॅमेझॉनमध्ये आणि २०२२ मध्ये एअरबीएनबीमध्ये गेले. तिथेही त्यांचं काम कंपनीची बाजू सरकार आणि पत्रकार यांच्यापुढे मांडण्याचंच होतं.